अष्टपादांची शहानिशा

आगोटीची कामे आटोपून वसईतल्या सांडोरच्या वाड्यांवर पाऊस एकदा स्थिरावला, म्हणजे येथल्या घरांतून, मग ते मंगलोरी कौलांचे जुने घर असो की नव्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा गाळा असो, रात्री नऊ-दहाच्या सुमारास केव्हा तरी एक किंकाळी उठते. आणि तिच्या पाठोपाठ कोणी केरसुणी, कोणी चप्पल, तर कोणी फवाऱ्याचा डबा घेऊन मोरीकडे धावतो. भिंतीवर तळहाताएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा, पाय पसरून निश्चल बसलेला एक कोळी असतो. त्याने कोणाला इजा केलेली नसते. परंतु त्याचे रूपच असे, की त्याची कैफियत ऐकून घेण्यापूर्वीच निकाल लागून जातो. तो निकाल लागण्यापूर्वी थोडी शहानिशा व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

असा एक निकाल माझ्याही हातून लागलेला आहे. काही वर्षांपूर्वी, ऑगस्टातल्या एका रात्री, वीज गेलेली असताना बॅटरीच्या झोतात मला मोरीच्या भिंतीवर असा एक कोळी दिसला. त्याच्या पोटाखाली पांढरी, चपटी, रुपयाच्या नाण्याहून थोडी लहान अशी एक चकती होती. तो काय प्रकार आहे हे न कळल्यामुळे माझी भीती दुणावली, आणि मी हातातल्या कुंच्याचा दांडा मारला. कोळी खाली पडला, चकती फाटली, आणि तिच्यातून मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट, जवळजवळ पारदर्शक अशी शंभराहून अधिक पिले ओल्या भिंतीवर चहूकडे पसरली. ती मादी होती. आणि निपचित पडल्यावरही तोंडाजवळच्या आखूड पायांनी तिने त्या फाटक्या चकतीची कड धरून ठेवली होती. हे दृश्य मी विसरू शकलो नाही. ज्याला आपण मारले तो कोण होता, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे, या जाणिवेने मी या जीवांची माहिती मिळवू लागलो, आणि जे हाती लागले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडावे असे मनापासून वाटते.

या कोळ्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली त्याची नोंद केली, आणि ‘वेनाटोरिया’ हे लॅटिन विशेषण, ज्याचा अर्थ शिकार करणारी, त्याच्या स्वभावाला यथार्थ लागू पडते. कारण हा कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत बसत नाही, तर रात्री भिंतीवरून संचार करून झुरळे, रातकिडे आणि दिव्याभोवती जमणारे कीटक स्वतःच्या पायांच्या बळावर पकडतो. त्याचे धड जेमतेम इंचभर असते. सारा दरारा पायांचा, जे पसरले असता चार-पाच इंचांचा विस्तार सहज होतो. हे पाय खेकड्याप्रमाणे बाजूला वळलेले असल्यामुळे तो पुढेमागे जितका चपळ, तितकाच आडवाही चपळ असतो. आणि शरीर चपटे असल्यामुळे दाराच्या फटीतून, आरशामागून, पाण्याच्या टाकीच्या पाठीमागून तो इतक्या झटक्यात दिसेनासा होतो, की पाहणाऱ्याला तो आपल्याच अंगावर आला असा भास होतो. वस्तुतः तो पळत असतो. उजेड आणि माणसाची चाहूल या दोन्हींपासून दूर जाणे, एवढीच त्याची इच्छा असते.

वसईकरांच्या दृष्टीने या प्राण्याच्या इतिहासात एक विशेष गोष्ट आहे. आज तो पृथ्वीवरील बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळतो, आणि हा प्रवास त्याने जहाजांतल्या मालाबरोबर, विशेषतः केळ्यांच्या घडांबरोबर केला. म्हणूनच इंग्रजीत त्याला केळ्यांचा कोळी असेही एक नाव पडले आहे. राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या पानांत सुकेळी बांधणाऱ्या आपल्या या मुलखात तो असावा, यात नवल ते काय? केळीच्या सोपटांमधली दमट, अंधारी फट हा त्याचा आवडता निवारा आहे, आणि ज्याने कधी वाडीत घड उतरवला आहे, त्याच्या मनगटावरून असा एखादा कोळी सरकत जाऊन पानांत नाहीसा झालेला आहेच. तेथे कोणी किंकाळी फोडीत नाही. तोच कोळी मोरीत दिसला की मात्र अरिष्ट ओढवल्यासारखे होते. म्हणजे ही भीती त्या जागेमुळे येते, प्राण्यामुळे येत नाही.

पोटाखालची ती पांढरी चकती म्हणजे अंड्यांची थैली. तिच्यात सुमारे दोनशेपर्यंत अंडी असू शकतात, आणि पिले बाहेर पडेपर्यंत मादी ती पोटाशी धरून वावरते. या दिवसांत तिला डिवचले, बोटांनी पकडण्याचा प्रयत्न केला, तर ती स्वसंरक्षणार्थ चावा घेऊ शकते, हे सांगितले पाहिजे. त्या चाव्याने जागच्या जागी दुखते, थोडी सूज येते, आणि बहुधा लवकरच उतरते. जगातल्या जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते, कारण त्यावाचून त्यांची उपजीविकाच चालणार नाही. परंतु ज्ञात जातींची संख्या २०२२ साली पन्नास हजारांच्या पुढे गेली असताना त्यांतल्या फारच थोड्या माणसाला खरोखर अपायकारक आहेत. बहुतेकांचे दात आपली कातडी भेदण्याइतके मोठे नसतात.

मग ही भीती आली कोठून? तिला फार जुनी वंशावळ आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानात लूतांचे, म्हणजे कोळ्यांचे, सोळा प्रकार सांगून त्यांतले आठ कष्टसाध्य आणि आठ असाध्य मानले आहेत. आणि वसिष्ठांच्या क्रोधाने आलेला घाम कापलेल्या गवतावर पडून त्या जन्मल्या, अशी त्यांची उत्पत्तिकथाही दिली आहे. उलट मुंडकोपनिषदाने आपल्यातूनच तंतू काढून तो पुन्हा आपल्यातच ओढून घेणाऱ्या ऊर्णनाभीचा, म्हणजे कोळ्याचाच, दृष्टांत साक्षात सृष्टीच्या उत्पत्तीला लावला. परंपरेत भय आणि आदर दोन्ही होते. घरोघर पोचले ते मात्र भय.

या भयाला खतपाणी घालणारा एक गैरसमज येथे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यात एका निरपराध प्राण्यावर दुसऱ्याच्या गुन्ह्याचा आळ आलेला आहे. पावसाळ्यात पुष्कळांना सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर किंवा कोपराच्या खोबणीत लाल, जळजळणारा, पुढे पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उमटलेला दिसतो, आणि ‘अंगावरून कोळी फिरला’ असे निदान तत्काळ होते. हा पट्टा बहुतेक वेळा पेडेरस नावाच्या एका किड्यामुळे उठतो. हा किडा मुंगीपेक्षा थोडा मोठा, सडपातळ, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे असलेला, सहा पायांचा असतो, आणि पावसाळ्यात ट्यूबलाइटच्या उजेडाला येतो. तो चावत नाही, दंश करीत नाही. अंगावर बसला असताना आपण झोपेत किंवा नकळत त्याला चिरडतो, आणि त्याच्या शरीरातील दाहक द्रव कातडीला लागतो. एखाद-दोन दिवसांनी फोड येतात, तोवर किडा केव्हाच झाडला गेलेला असतो आणि छताच्या कोपऱ्यातला कोळी तेवढा हजर असतो. तेव्हा अंगावर असा किडा दिसल्यास त्याला चिरडू नये. फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावे, ती जागा साबण-पाण्याने धुवावी, आणि निजण्यापूर्वी अंथरुणावरचा दिवा मालवावा. एकाच बाजूला पट्ट्याने फोड येऊन आतून ठणका लागला, तर ती नागीण असू शकते. तीही कोळ्याची करणी नव्हे, आणि तिच्यासाठी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

अष्टपादांच्या, म्हणजे आठ पायांच्या जीवांच्या, या कुळात भीतीचे माप आणि धोक्याचे माप यांचा मेळ बसत नाही, हे वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे अशी माझी विनंती आहे. काळीभोर, बोटभर लांबीची, रुंद नांग्यांची इंगळी पाहून भलेभले मागे सरतात. तिच्या दंशाने वेदना होतात, पण जिवावर बेतण्याचे प्रसंग येतात ते तिच्यापुढे क्षुल्लक दिसणाऱ्या, दोन-तीन इंचांच्या, लालसर, बारीक नांग्यांच्या विंचवामुळे. सर्वसाधारण खूण अशी, की नांगी बारीक आणि शेपूट जाड, तर अधिक सावध राहावे. या लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर कसा आघात होतो याचा अभ्यास महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या खेड्यांत राहून केला, आणि प्राझोसिन हे औषध वेळेवर दिल्यास रोगी वाचतो हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोचीड तर डोळ्यांना जेमतेम दिसणारी. पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून ज्या माकडतापाने माणसे दगावली, तो तिच्याच चाव्यातून पसरतो. आणि याच कुळातला एक जीव असा आहे, की ज्याला पाहून आपल्याला आनंद होतो. मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातीतून वर येणारा तो लाल मखमली किडा, जो लहानपणी आपण तळहातावर घेऊन न्याहाळला, आगपेटीत ठेवला, त्याचे पाय मोजण्याचे कोणाच्या मनात आले असेल तर ते आठ भरले असतील. विंचू, कोळी आणि मृगाचा किडा ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

मोरीतल्या या शिकाऱ्याखेरीज सांडोरच्या घरात आणि अंगणात आणखी काही अष्टपाद भेटतात. खोलीच्या कोपऱ्यात अस्ताव्यस्त विरळ जाळे करून उलटा टांगलेला, दोऱ्यासारख्या लांब पायांचा कोळी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. त्याच्या जाळ्याला बोट लावले, की तो सर्वांग इतक्या वेगाने थरथरवतो, की त्याची आकृतीच पुसट होते. ही थरथर म्हणजे शत्रूची नजर चुकवण्याची त्याची युक्ती. तो डास खातो, आणि डेंग्यूच्या दिवसांत ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घराने पलंगामागचे त्याचे एखादे जाळे राहू द्यावे असे माझे मत आहे. पाऊस ओसरल्यावर कुंपणाच्या झुडपांत, पिवळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, पाय जोडीजोडीने जुळवून फुलीच्या आकारात बसणारा कोळी दिसतो, ज्याच्या जाळ्यात पांढऱ्या नागमोडी रेशमाची ठसठशीत नक्षी असते. आणि तुंगारेश्वराच्या रानात, क्वचित गर्द वाडीतही, दोन झाडांच्या मध्ये सोनेरी झाक असलेले प्रचंड जाळे ताणून बसलेली काळी-पिवळी मादी दिसते, जिच्या पायांचा विस्तार वीतभर भरतो. या दोघांनाही आपल्याशी काही कर्तव्य नाही. वाट अडली असेल, तर काठीने जाळ्याची एक बाजू सोडवावी. धनीण स्वतःच दुसरीकडे जाते.

खरा थरकाप उडवणारा प्राणी मात्र वेगळाच. जुन्या विहिरीच्या दगडी बांधणीत, माळ्यावरच्या लाकडांत, फरशांच्या ढिगाखाली कधी तरी चपटा, काळपट, काटेरी हातांचा एक जीव दिसतो, ज्याचे पुढचे दोन पाय चाबकाच्या दोरीसारखे अतिशय लांब आणि बारीक असतात, आणि तो खेकड्यासारखा तिरपा सरकत जातो. कोळी आणि विंचू यांचे मिश्रण करून कोणी तरी भेडसावण्यासाठीच घडवला असावा, असे त्याचे रूप. याला विष नाही, डंख नाही, शेपूटही नाही. ते लांब पाय म्हणजे अंधारात चाचपडण्यासाठी दिलेली आंधळ्याची काठी. आपल्याकडे आढळणाऱ्या याच्या एका जातीला १८९४ साली ब्रिटिश म्युझियमच्या पोकॉक यांनी ‘फिप्सोनी’ हे नाव दिले. ज्यांच्यावरून ते दिले, ते फिप्सन मुंबईतले दारूचे व्यापारी. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाला पहिली हक्काची जागा त्यांनीच आपल्या पेढीत करून दिली. ज्या प्राण्याला पाहून आपण दगड शोधतो, त्याच्यासाठी एक व्यापारी आपल्या पेढीची खोली रिकामी करीत होता, हे मला फार लोभस वाटते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. कोळी दिसला, की प्रथम दोन पावले मागे घ्यावी आणि मुलांना शांत आवाजात जवळ बोलवावे. कारण कोळ्यापेक्षा ओल्या मोरीत घसरून पडण्याने जास्त इजा होते, हे मी दोन घरांत पाहिले आहे. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्यावी, म्हणजे आत काय आहे ते सतत दिसत राहते आणि मनाचा धीर सुटत नाही. ती सावकाश, समोरून, कोळ्यावर उपडी ठेवावी. झडप घातली तर तो निसटतो आणि पाय चेंगरतात. मग भिंत आणि बरणी यांच्या मधून जाड, गुळगुळीत पुठ्ठा सरकवावा. जुनी लग्नपत्रिका यासाठी उत्तम. पुठ्ठा पुढे सरकताना कोळी आपले पाय आपणच उचलून घेतो, एवढा अवधी त्याला द्यावा. पोटाखाली पांढरी थैली असेल, तर घाई मुळीच करू नये. बरणी घेऊन वाडीत जावे, केळीच्या बुंध्याशी आडवी ठेवून पुठ्ठा काढावा, आणि परत यावे. ज्यांना एवढेही धाडस होत नाही, त्यांनी मोरीतला दिवा लावून, खिडकी उघडी ठेवून, दार बंद करावे. उजेड नको असल्याने तो बहुधा आपण होऊन बाहेरची वाट धरतो.

फवाऱ्याचा डबा या कामी वापरू नये, असे मी आग्रहाने सांगतो. झुरळांसाठीच्या त्या औषधाने हा कोळी पुष्कळदा तत्काळ मरत नाही, तर सैरावैरा धावत सुटतो. आणि बंद मोरीत ते औषध श्वासावाटे आपल्याच लेकरांच्या छातीत जाते. कोळी घरात नकोच असेल, तर त्याच्या शिधासामग्रीचा बंदोबस्त करावा. मोरीच्या मोकळ्या भोकावर बारीक जाळी, दाराच्या तळाला रबराची पट्टी, रात्रीची खरकटी भांडी घासून ठेवण्याची वहिवाट, आणि पडवीतल्या पांढऱ्या झगझगीत दिव्याच्या जागी मंद पिवळा दिवा, एवढे केले तरी झुरळे आणि पाखरे कमी होतात, आणि त्यांच्यामागून येणारा शिकारीही कमी होतो. जळणाची लाकडे, नारळाच्या करवंट्या, उरलेली कौले आगोटीच्या वेळी भिंतीला टेकून रचण्याची आपली सवय आहे. ती हातभर दूर रचावी, आणि उपसताना हातात जाड कापड असावे. ही दक्षता कोळ्यासाठी नसून त्या लाल विंचवासाठी आहे, जो याच ढिगात राहतो. पावसाळ्यात चपला-बूट झाडल्यावाचून पायात घालू नयेत.

कोळी चावलाच, तर जागा साबण-पाण्याने धुवावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, आणि सूज वाढत गेली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. विंचवाचा दंश झाला, आणि विशेषतः लहान मुलाला झाला, तर मात्र मंत्र, आवळपट्टी, वाटलेली मुळी यांत एक क्षणही दवडू नये. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे.

आमच्या मोरीच्या खिडकीत लोणच्याची एक रिकामी बरणी आणि एक जुनी लग्नपत्रिका कायमची ठेवलेली आहे. या पावसाळ्यात ही जोडी सहा वेळा उपयोगी पडली. त्यांतल्या दोन वेळा घरातल्या आठ वर्षांच्या मुलीने, कोणाला हाक न मारता.